अडीनडीचे चार पगार: इचलकरंजीतल्या एका यंत्रमाग कुटुंबाचा हिशेब

मी एका बँकेत रोखपाल होते. निवृत्तीनंतर गल्लीतल्या बायकांच्या बचत गटाची वही माझ्याकडे आली, आणि वहीमागून त्यांच्या घरचे हिशेबही आले. त्यातल्या एका घराची ही हकिगत आहे. घर कुणाचं ते लिहीत नाही. त्या घरच्या बाईच्या परवानगीनं आकडे मात्र तिच्याच वहीतले घेतले आहेत, थोडे गोल करून.

नवरा यंत्रमागावर. साधे माग, मजुरी मीटरवर, पगार आठवड्याला. ती दुसऱ्या कारखान्यात कांड्या भरते, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळते. मुलगी मोठी, मुलगा धाकटा. भाड्याच्या दोन खोल्या, नदीकडच्या बाजूला. दोघंही काम करतात त्या कारखान्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. ईएसआयसी, म्हणजे कामगार राज्य विमा, लागू व्हायला किमान १० कामगार लागतात, भविष्य निर्वाह निधीला २०. त्यामुळे आजारपणात पगाराचा काही भाग मिळणं, भविष्य निर्वाह निधी, यातलं काहीच या घराला नाही. काम केलं तर पगार, नाही तर नाही.

जून २०२३ मध्ये ती पहिल्यांदा हिशेबाला बसली. त्याचे आठवड्याचे सरासरी ३,३०० आणि तिचे १,३००, मिळून ४,६००. खर्चाची बाजू अशी: भाडं ७००, किराणा, दूध, भाजी, गॅस मिळून २,०००, वीज १५०, शाळा-शिकवणी २५०, पेट्रोल आणि रिचार्ज ३००, चहा-तंबाखू-किरकोळ २००, फायनान्सचा हप्ता ५००, मालकाकडच्या उचलीची कपात ३००, भिशी २००. बेरीज ४,६००. मी दोनदा करून पाहिली.

"काकू, आता सांगा, ह्यातनं काय शिल्लक टाकू?" ती म्हणाली.

तेव्हा माझ्याकडून एक चूक झाली. बँकेत ठेवीदारांना वर्षानुवर्षं जे सांगत आले तेच तिला सांगितलं: सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा. सहा महिने म्हणजे लाखाच्या वर. तिनं आकडा ऐकला, मान डोलावली, आणि पुढचे दोन आठवडे ती आली नाही. ज्या घरात आठवड्याच्या पगारावर सगळं मोजलं जातं, तिथे महिन्याचं माप घेऊन मी गेले होते. ती परत आली तेव्हा लाखाचा विषय काढला नाही. विचारलं, "एक पगार बाजूला राहील का? कधीतरी?" ती म्हणाली, "एक राहील." तिथून आमचं माप ठरलं. आधी एक पगार, मग चार, मग जमलं तर आठ.

अचानक म्हणजे काय

बचत कुठून काढायची याआधी मला दुसरंच पाहायचं होतं. मागच्या वर्षभरात कर्ज, उसनवारी किंवा उचल कशाकशासाठी लागली? भिंतीवरचं कालनिर्णय उतरवून आम्ही एकेक महिना मागे गेलो. तिच्या मते सगळेच खर्च अचानक आले होते.

जूनमध्ये शाळेची फी, वह्या, गणवेश: ४,५००. गणपती: १,५००. दिवाळीला बोनसच्या वर गेलेले ३,०००. नणंदेच्या मुलीच्या लग्नातला आहेर: ५,०००. गावाकडची जत्रा: २,५००. गाडीचा विमा आणि टायर: ३,५००. हे झाले २०,०००. शिवाय सप्टेंबर २०२२ मध्ये मुलाला डेंग्यू झाला, त्याचे १८,०००. आणि सूत न आल्यानं कारखाना नऊ दिवस बंद राहिला, त्यात बुडालेली मजुरी ४,०००.

एकूण ४२,०००. त्यातले २०,००० तर कॅलेंडरात छापलेलेच होते. शाळा जूनमध्ये उघडते, गणपती भाद्रपदात येतात, गाडीच्या विम्याची तारीख त्याच कागदावर असते. लग्नाची पत्रिकासुद्धा महिनाभर आधी येते. खरी अडचण म्हणावी अशा दोनच गोष्टी होत्या, आजारपण आणि बंद कारखाना. पण पैसे नसलेल्या घरात या दोन्हींतला फरक दिसेनासा होतो. दोन्ही वेळी हात रिकामा असतो आणि दोन्ही वेळी मालकाच्या दारात जावं लागतं. माझ्या मते या घराच्या हिशेबातलं सगळ्यात मोठं काम त्या दिवशी झालं, आणि त्यात एक रुपयाही वाचवला गेला नव्हता.

मग तिनं वहीचे दोन भाग केले. पुढून 'ठरलेला', मागून 'अडीनडी'.

ठरलेल्या खर्चाला भिशी दिली. वीसजणांची, आठवड्याला २००, ज्याचा नंबर लागेल त्याला ४,०००. भिशीवर टीका करणारे खूप आहेत, मी करणार नाही. या गल्लीत ती विश्वासावर चालते आणि जून-दिवाळीच्या तोंडाला नंबर मागून घेता आला तर उत्तम काम करते. पण मूल तापानं फणफणलं म्हणून भिशी फुटत नाही. ज्याचा नंबर मागच्याच महिन्यात लागून गेला त्याला अजून कित्येक आठवडे फक्त भरायचंच असतं. म्हणून अडीनडीला भिशी चालत नाही, हे दोघांनाही पटलं.

उचल

डेंग्यूच्या वेळी मालकाकडून १५,००० उचल घेतली होती. तिला व्याज नव्हतं. हे सांगताना नवऱ्याच्या बोलण्यात मालकाबद्दल कृतज्ञता होती आणि ती खरी होती. पण उचल अंगावर असेपर्यंत कारखाना सोडता येत नाही. शेजारच्या कारखान्यात मीटरला चार पैसे जास्त मिळत असले तरी जाता येत नाही, माग जुना असला, धागा सारखा तुटत असला तरी बोलता येत नाही. व्याज नसलेल्या कर्जाची ही किंमत वहीत कुठल्याच रकान्यात बसत नाही.

त्याआधीचं कर्ज याहून वाईट. ऑगस्ट २०१९ च्या पुरात खोलीत पाणी शिरलं तेव्हा शेकडा पाचनं १०,००० घेतले होते. शेकडा पाच म्हणजे महिन्याला ५०० व्याज, वर्षाला साठ टक्के. चौदा महिने फक्त व्याज भरलं, ७,०००, आणि शेवटी भिशीचे नंबर आणि डोरलं गहाण टाकून मुद्दल दिली. पोस्टाच्या बचत खात्यावर चार टक्के मिळतात म्हणून लोक नाक मुरडतात. २०,००० वर वर्षाला ८००. पण या घरासाठी त्या पैशावरचं खरं उत्पन्न ते ८०० नव्हतं. जे साठ टक्के द्यावे लागले नसते, ते होतं.

पैसे ठेवायचे कुठे

यावर आम्ही जितका वेळ घालवला तितका बचतीवरही घातला नाही.

पतसंस्थेचा पिग्मी एजंट रोज दारात येतो, ही मोठी सोय आहे आणि रोज ५० रुपये देणं जमतंही. पण मुदतीआधी मोडलं तर कपात होते. शिवाय बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं जे संरक्षण आहे ते पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. संस्था चांगली असेलही, पण अडीनडीच्या पैशावर असा प्रश्न राहू नये. पोस्टाची आवर्ती ठेव १०० रुपयांपासून सुरू होते, व्याजही बरं आहे, पण ती पाच वर्षांची. तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही, बारा हप्त्यांनंतर निम्म्या रकमेपर्यंत कर्ज मिळतं एवढंच. पहिल्याच पैशाला इतकं मोठं कुलूप नको. तिच्या बँक खात्याला मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय होती, म्हणजे तिथला पैसा खिशातच असल्यासारखा.

शेवटी ठरलं ते असं. घरात डाळीच्या डब्याखाली दोन हजार रोख, रात्री-अपरात्री रिक्षा आणि डॉक्टरला. बाकी पोस्टाचं बचत खातं, ५०० रुपयांत उघडलेलं, दोघांच्या नावावर आणि दोघांपैकी कुणालाही काढता येईल असं. ती स्वतःच आजारी पडली तर नवऱ्याला हात बांधून बसावं लागू नये. त्या खात्याला मोबाइल जोडला नाही. पोस्ट जवळ आहे, पण चपला घालून जावं लागतं, रांगेत उभं राहावं लागतं, आणि रविवारी बंद असतं. एवढं अंतर बरोबर होतं.

कुंपण म्हणून आणखी दोन कामं केली. वर्षाला २० रुपयांचा सुरक्षा विमा दोघांचा आणि ४३६ रुपयांचा जीवन ज्योती विमा त्याचा. रेशन कार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का तेही पाहिलं, कारण महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयात मोफत उपचार मिळवायचे तर ऐन वेळी तिथेच माणूस अडतो. त्या योजनेत सगळे आजार बसत नाहीत आणि सगळी रुग्णालयंही नाहीत. पण मोठं दुखणं आलं तर चार पगारांचा साठा एका दिवसात संपतो, त्याला हाच आडोसा. कोणती रुग्णालयं योजनेत आहेत त्यांची नावं तिनं वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवली.

दीड वर्षाचा प्रवास

जुलै २०२३ मध्ये सुरुवात आठवड्याला १०० रुपयांनी झाली. त्यातले काही एका फोनचा पॅक कमी करून आले, काही पेट्रोलमधून. तो सायकलनं कामावर जाऊ लागला. तंबाखू सोड म्हणून मी त्याला एकदाही म्हटलं नाही. आठ-दहा तास खडखडाटात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या चहावर बाहेरच्यानं बोलू नये असं मला वाटतं. नियम एकच होता: शंभर रुपये तिच्या पगारातून, पगार हातात पडल्या पडल्या वेगळे करायचे, घरी पोचल्यावर नाही.

दहा आठवड्यांत १,००० झाले. सप्टेंबरात उचल फिटली. ३०० रुपयांची कपात थांबली तेव्हा ते पैसे घरात विरून जातील ही मला भीती होती, कारण न दिसणारी वाढ सगळ्यात आधी खर्च होते. त्यानं स्वतःच सांगितलं, "कपात चालू हाय असंच समजायचं." आठवड्याला ४०० पडू लागले. दिवाळीपर्यंत ४,२००. बोनस साडेतेरा हजार आला, त्यातले ३,५०० टाकले. खात्यात आणि डब्यात मिळून ७,७००. पहिला पगार बाजूला पडला होता. त्या वर्षी दिवाळी १०,००० मध्ये आटोपली. मुलांना कपडे झाले, मोठ्यांना नाही. ही ओढाताण तिला लागली आणि ते तिनं लपवलं नाही. घरात लग्नकार्य नव्हतं म्हणून ठरलेल्या खर्चाचंही निभावलं.

जानेवारी २०२४ मध्ये साठा १०,९०० वर होता तेव्हा रात्रपाळीत धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारा टोकदार तुकडा, उडून त्याच्या भुवईला लागला. डोळा वाचला. टाके पडले, डॉक्टरांनी दोन आठवडे मागाकडे जायचं नाही म्हणून सांगितलं. त्या रात्री डब्यातले दोन हजार कामी आले, नंतर पोस्टातले. औषधपाणी ३,२००. घरखर्च तेव्हा आठवड्याला ४,२०० वर आला होता, आणि येणारा पगार फक्त तिचा, १,३००. फायनान्सचा हप्ता थांबत नाही, भिशी थांबत नाही. दोन आठवड्यांची तूट ५,८००. एकूण ९,००० गेले आणि पासबुकात आणि डब्यात मिळून १,९०० उरले.

ती माझ्याकडे येऊन रडली. "सा महिने शंभर-शंभर करून साठवलं काकू, पंधरा दिसात गेलं." मी तिला २०२२ चं पान काढून दाखवलं. तेव्हाही असाच पंधरवडा होता आणि नंतर वर्षभर पगारातून ३०० कापले जात होते. या वेळी कुणाकडे एक रुपया देणं नव्हतं. तिला ते लगेच पटलं असं नाही. रिकामं पासबुक रिकामंच दिसतं. पण त्यानं कामावर परतताना उचल घेतली नव्हती, आणि एप्रिलमध्ये, पहिल्यांदाच, तो बऱ्या मजुरीच्या कारखान्यात गेला. जुन्या मालकाशी भांडण नाही, देणं नाही. आठवड्याला सरासरी २५० वाढले. वहीत मी त्या ओळीला लाल पेनानं खूण केली आहे.

जूनअखेर साठा पुन्हा ९,९०० झाला आणि त्याच महिन्यात फायनान्सचं कर्ज संपलं. वसुलीला येणारा मुलगा म्हणाला, तुमचा रेकॉर्ड चांगला आहे, आता मोठं कर्ज मिळेल. ती दोन दिवस विचारात होती. गटातल्या बाकीच्या बायका घेत होत्या, आणि एकटीनं नाही म्हणणं सोपं नसतं. तिनं नाही म्हटलं. सुटलेल्या ५०० पैकी २०० ठरलेल्या खर्चाकडे, ३०० अडीनडीकडे. आता आठवड्याला ७०० जाऊ लागले.

जुलैअखेर पंचगंगा चढली. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली तेव्हाच इकडच्या लोकांनी सामान बांधायला घेतलं. हे कुटुंब टेंपो करून तिच्या बहिणीकडे गेलं. जाण्यायेण्याचं भाडं आणि बुडालेला आठवडा धरून ४,००० लागले. १२,७०० चे ८,७०० झाले. २०१९ मध्ये याच कारणानं शेकडा पाचचं कर्ज झालं होतं. या वेळी ती बहिणीच्या घरी जाताना पासबुक ब्लाउजमध्ये घालून गेली.

पूर कुठल्या भागात लिहायचा यावर आमचा वाद झाला. ती म्हणाली अडीनडी. मी म्हटलं, नदीकाठी राहणाऱ्याला जुलै-ऑगस्ट काय नवीन आहे? २००५, २०१९, २०२१, आणि आता हा. रक्कम ठाऊक नसते, महिना ठाऊक असतो. मग मधला मार्ग काढला: पैसे अडीनडीतलेच, पण जून संपायच्या आत डबा पूर्ण भरलेला असला पाहिजे आणि कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत.

ऑगस्टपासून 'लाडकी बहीण'चे महिना १,५०० तिच्या खात्यात येऊ लागले. त्यातले ५०० तिचे स्वतःचे, कशावर गेले ते विचारायचं नाही, असं मीच सुचवलं. जिच्या पगारातून पहिले शंभर निघाले तिच्या हातात बिनहिशेबी थोडे पैसे असावेत. १,००० अडीनडीकडे. मात्र घरखर्चाच्या कुठल्याही ओळीला हे पैसे बांधले नाहीत. योजना बदलू शकते, नियम बदलू शकतात, आणि अशा पैशावर भाडं उभं केलं की तो बंद होताना घर हलतं. दिवाळी २०२४ पर्यंत त्यातून ५,००० आणि आठवड्याच्या भरण्यातून ८,४०० पडले. बोनसमधून ३,०००. बेरीज २५,१००. चार पगार ओलांडून पाचव्याच्या पुढे.

पैसे आहेत हे कळल्यावर

बचतीच्या सल्ल्यांत हा भाग सहसा नसतो, पण या घराला सगळ्यात जड हाच गेला. पोस्टात जाताना कुणीतरी पाहतं, बातमी गावी पोचते. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिरानं बोअरसाठी १०,००० मागितले. नाही म्हणावं तर भाऊबंदकी, कारण पुरात गावाकडून ज्वारीचं पोतं त्यानंच पाठवलं होतं. हे नातं साठ्यापेक्षा कमी मोलाचं आहे असं मी म्हणणार नाही. अडीनडीत माणूस जसा पैशावर उभा राहतो तसा भावावरही. त्यांनी ३,००० दिले, परत आले नाहीत तरी चालेल असं आधीच ठरवून, आणि तेही ठरलेल्या खर्चाच्या बाजूनं, आहेर समजून. बाकीच्यांना ती सांगते, "पासबुक काकूंकडं असतंय, त्यास्नी विचारावं लागंल." पासबुक खरोखर माझ्या कपाटात आहे. या कामासाठी माझं नाव वाईट होत असेल तर होऊ दे.

२०,००० च्या वरचे १०,००० आता पोस्टाच्या एक वर्षाच्या मुदत ठेवीत आहेत. सहा महिन्यांच्या आत ती मोडता येत नाही, म्हणून खालचे २०,००० हलवले नाहीत. डाळीच्या डब्याखालचे दोन हजार तसेच आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यानंच डबा उघडून मोजले, असं ती सांगत होती.

आठ पगारांचा विषय मी काढला तर ती वेगळंच बोलली. मुलगी दहावीला आहे, पुढे डिप्लोमा करायचा म्हणते. फी, बसचा पास, पुस्तकं. "काकू, ते अडीनडीतनं चालंल का?" मी उत्तर द्यायच्या आधीच तिनं वही उलटी केली, पुढचं पान काढलं आणि 'ठरलेला'खाली पुढच्या वर्षीचा जून लिहिला. रकमेची जागा अजून कोरी आहे.